छपराचा मलबा आणि भाड्याची पेटी

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत घरे घेऊन राहिली आहेत. तिकडे छप्पर बदलावयाचे म्हणजे उतरविलेला माल टाकण्यास ‘डंपस्टर’ नावाची उघडी लोखंडी पेटी भाड्याने आणावी लागते. (हे नाव टेनेसीतील नॉक्सव्हिलच्या डेम्प्स्टर बंधूंच्या आडनावावरून पडले.) पेटी केवढी, हे सारेच विचारतात; आम्ही म्हणतो, आधी वजनाची मर्यादा विचारा. डांबरी ‘शिंगल’चा एक थर १०० चौरस फुटांस सुमारे २५० पौंड भरतो. २००० फुटांचे छप्पर म्हणजे ५००० पौंड. खाली आणखी एक थर निघाला तर दुप्पट! पेटी अर्धी रिकामी दिसते, आणि जादा वजनाचे पैसे मात्र द्यावे लागतात. अंगणात ठेवताना खाली फळ्या घालाव्यात. रस्त्यावर ठेवावयाची तर बहुधा नगरपालिकेचा परवाना लागतो.