जीनोमचा नकाशा व त्यावरील टिपणांच्या पट्ट्या

आमचें घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें ठाणें. जमिनीच्या उताऱ्यांसाठीं व नकाशांसाठीं येथें खेड्यापाड्यांतून लोकांची नित्य ये-जा असते. गांवचा नकाशा एकच. पण कोणास त्यावर हद्दी पाहावयाच्या असतात, कोणास ओढे, तर कोणास वाटा. ही माहिती निरनिराळ्या पारदर्शक कागदांवर काढली, तर हवा तो कागद नकाशावर ठेवतां येईल व नको तो उचलतां येईल. मनुष्याचा जीनोम पाहण्याच्या संगणकीय साधनाची रचना अशीच आहे.

जीनोम म्हणजे आपल्या पेशींतील आनुवंशिक मजकूर. त्याची लांबी सुमारें ३०० कोटी अक्षरें. परंतु अक्षरांचे प्रकार चारच. इ. स. २००० मध्यें सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जिम केंट व त्यांचे सहकारी यांनीं हा मजकूर पाहण्यासाठीं जीनोम ब्राउझर तयार केला. त्यांत वर स्थानांकांची मोजपट्टी व खालीं टिपणांच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, असतात. एकींत जनुकें, दुसरींत माणसामाणसांतील अक्षरभेद, तिसरींत इतर प्राण्यांशीं असलेलें साम्य. प्रत्येक पट्टी लपवितां येते, एका ओळींत दाटून ठेवतां येते किंवा पूर्ण उलगडतां येते. सर्वच उलगडल्या, तर पडदा भरून जातो व कांहींच उमगत नाहीं. म्हणून आधीं प्रश्न ठरवावा व त्यास लागतील तेवढ्याच पट्ट्या ठेवाव्या.

आपली स्वतःची पट्टीही जोडतां येते. पण तेथें फार जपावें लागतें. सिकलसेल या रक्तविकाराचें उदाहरण घेऊं. महाराष्ट्रांत नंदुरबार, गडचिरोली इत्यादि जिल्ह्यांत तो आढळतो. ११ व्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकांत एकच अक्षर बदलतें. हा बदल आई व बाप या दोघांकडून आला, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एकाकडूनच आला, तर मूल केवळ वाहक होतें.

जीनोमच्या २०१३ च्या आवृत्तींत या अक्षराचा स्थानांक ५२,२७,००२ आहे. २००९ च्या आवृत्तींत तोच ५२,४८,२३२ होता. एकत्रीकरण झालेल्या गांवांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागीं गट नंबर आले, हें पालकांस सांगावयास नको. जुना नंबर घेऊन नव्या उताऱ्यांत शोधणारा भलत्याच्याच शेतांत पोहोंचतो. तसेंच जुन्या आवृत्तीची पट्टी नव्या नकाशावर ठेवली, तर खूण २१,२३० अक्षरें दूर पडते. आणि हें संपूर्ण जनुक तर सुमारें १,६०० अक्षरांचेंच! संगणक तक्रार करीत नाहीं. पाहणारा मात्र “येथें दोष नाहीं” असें समजून बसतो.

दुसरी चूक मोजणीची. पट्टीच्या फाईलींत गुणसूत्र, आरंभ व अंत असे तीन रकाने लागतात. ‘बेड’ नांवाच्या प्रचलित पद्धतींत आरंभ शून्यापासून मोजतात. म्हणून वरील एका अक्षरासाठीं ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ असें लिहावें लागतें. हें विसरल्यास खूण एका अक्षरानें सरकते. आणि हा विकार तर एकाच अक्षराचा आहे!

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली. रोगनिदान रक्ततपासणीनेंच होतें. पण त्यामागील संशोधन अशा नकाशांवर चालतें. वहींत मथळा व तारीख लिहा, असें आम्ही वर्गांत सांगतों, तें मुलांस कंटाळवाणें वाटतें. विद्यार्थिमित्रहो, पट्टीवर नांव, आवृत्ति व तारीख लिहिणें ही तीच संवय आहे. तिच्या अभावीं एखाद्या कुटुंबास चुकीचें उत्तर मिळूं शकतें.