रात्रीच्या कबड्डीचे फोटो: एकाच जर्सीचे तीन रंग का?

तानसा-शहापूर-मुरबाड पट्ट्यात रात्रीच्या कबड्डी सामन्यांचे फोटो काढून व्यवसाय करायचाय? मग हे समजून घ्या. एकाच चढाईचे सलग तीन फोटो. जर्सी एकात पिवळट, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात काळपट. कॅमेरा बिघडलेला नाही! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हलाइड दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, रंगही बदलतो. १/१००० शटरला त्यातला छोटासा तुकडाच मिळतो.

उपाय? कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर सुरू करा. नसेल तर शटर १/१०० ठेवा. हालचाल थोडी पुसट येईल, पण रंग सारखा राहील. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. सामन्याआधी दहा फोटो काढून तपासा. जर्सीचा रंग चुकला, तर संघ पैसे देताना कुरकुरणारच!