विटलेल्या प्लास्टिकचा मागोवा

मोटारीचा पत्रा गंजतो, आतले प्लास्टिक विटते. डॅशबोर्ड, दरवाज्यांची पॅनेल, खिडक्यांमधल्या खांबांवरची आवरणे, हँडलभोवतालच्या पट्ट्या हे भाग मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन, एबीएस किंवा पीव्हीसीचे असतात आणि उन्हाने प्रत्येकाचे होणारे नुकसान वेगळे असते. पॉलिप्रॉपिलीनवर खडूसारखी पांढुरकी भुकटी धरते. एबीएस पिवळे पडते. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू उडून जाते आणि मग त्याला तडे जातात.

एकाच गाडीतले सगळे भाग सारखे विटत नाहीत. समोरची काच दुपदरी असते आणि तिच्या मधला पडदा अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतो. बाजूच्या काचा बहुधा एकपदरी असतात. त्यांतून या किरणांचा मोठा वाटा आत येतो. म्हणून दरवाज्याची वरची कड आधी विटते आणि गुडघ्याजवळचा भाग बराच काळ मूळ रंगात राहतो. डॅशबोर्डला त्रास उष्णतेचा. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तो तासाभरात सत्तर अंशांच्या आसपास तापतो.

ज्या भागातल्या गाड्यांचा हा मागोवा आहे, ते कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. अलिबागचा समुद्रवारा इथवर पोचत नाही. मार्च ते मे पारा चाळिशीला टेकतो आणि पुढचे चार महिने हवा ओलीचिंब असते. नेरळ स्थानकाबाहेर माथेरानच्या प्रवाशांची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या टॅक्सी आणि शनिवार-रविवारपुरत्या चालणाऱ्या फार्महाऊसच्या गाड्या यांना या हवेचा मार सर्वांत जास्त बसतो.

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. टॅक्सीचे वय आधी पंचवीस आणि २०१३पासून वीस वर्षांपुरते ठरले होते. त्या हिशेबाने शेवटच्या गाडीची मुदत संपली. हळहळ झाली ती काळ्या-पिवळ्या रंगाची. त्या टॅक्सीबरोबर दुरुस्तीची एक सोपी रीतही गेली, तिची आठवण फारशी कोणी काढली नाही. पद्मिनीच्या डॅशबोर्डमध्ये बराचसा पत्रा होता. कर्जतहून आदिवासी वाड्यांकडे जाणाऱ्या जीपचा डॅशबोर्डही पत्र्याचाच. पॉलिश पेपर, प्रायमर आणि ड्युको रंगाचे दोन हात एवढ्यावर काम भागे. जो पेंटर बाहेरचे दार रंगवी, तोच आतला डॅशबोर्ड रंगवी.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आणि पुढच्याच वर्षी मारुती व्हॅन आली. घडवलेल्या प्लास्टिकचे डॅशबोर्ड त्यांनी घरोघर पोचवले. हे प्लास्टिक रंगवण्याच्या कामाच्या दृष्टीने पुढची पंधरा वर्षे कोरडीच गेली. गाड्या नव्या होत्या, प्लास्टिक ताजे होते आणि दरवाज्यांचे दाबलेल्या पुठ्ठ्यावर चढवलेले रेक्झिन फाटलेच तर कुशनवाला ते बदलून देई.

या कामाचे खरे दशक २००२ ते २०१२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण खुला झाला. बोरघाट चढण्याआधी खोपोलीत थांबणारी रहदारी गावाला वळसा घालून निघून गेली आणि जुन्या रस्त्यावरच्या गॅरेजांना वाटसरूंऐवजी स्थानिक गिऱ्हाइकांवर जगावे लागले. त्याच सुमारास ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या होत्या. त्या शहरातून स्वस्तात उतरून तालुक्यात येत, त्या विटलेल्या अवस्थेतच. २६ जुलै २००५च्या महापुराने त्यात भर घातली. उल्हास खोऱ्यात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचे पुठ्ठ्याचे पॅनेल फुगून वाया गेले. प्लास्टिक मात्र धुऊन पुन्हा बसवता आले.

मालकापुढे तीन वाटा होत्या. पहिली, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालातून भाग आणणे. पण तो दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या उन्हात विटलेला असे, त्यामुळे बसवल्यावर ठिगळासारखा उठून दिसे. दुसरी, वरून काहीतरी लावून झाकणे. लाकडी नक्षीचे चिकट कागद याच दशकात बोकाळले. दोन उन्हाळ्यांत त्यांच्या कडा सुटत आणि खालचा डिंक निघता निघत नसे. तिसरी वाट रंगवण्याची. ती कष्टाची होती, पण नीट केली तर टिके.

कामाची सुरुवात भाग सोडवण्यापासून होते. स्क्रू आणि क्लिपा काढून भाग साबणाच्या पाण्याने धुतात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. पुसण्याला महत्त्व आहे ते डॅशबोर्ड पॉलिशमुळे. पेट्रोल पंपापासून सिग्नलपर्यंत सगळीकडे विकले गेलेले हे पॉलिश बहुतेक वेळा सिलिकॉनचे असते. त्याचा अंश राहिला की नवा रंग तिथे धरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आठवडाभराच्या चकाकीसाठी लोकांनी वर्षानुवर्षे पैसे मोजले आणि ती निस्तरण्याचे काम पेंटरच्या गळ्यात पडले.

यानंतर पृष्ठभाग हलक्या हाताने खरवडतात. पॉलिप्रॉपिलीनला साधा रंग चिकटतच नाही, म्हणून आधी प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो. तो वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी बॉडीचा रंग थेट मारला गेला. सहा महिन्यांत त्याची साल केळ्यासारखी निघे आणि बदनाम मात्र सगळा धंदा होई. रंगाचे हातही पातळ द्यावे लागतात. प्लास्टिकवर चामड्यासारखे बारीक दाणे असतात; जाड हात किंवा लांबी (पुट्टी) त्यांत भरली की पोत बुजतो आणि तो परत आणणे अवघड होते.

पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळले जाई. ड्युकोतला थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी साय येते. सावकाश उडणारा थिनर वापरून दोष कमी होतो, पण जुलैतल्या कर्जतमध्ये तो पुरता जात नाही.

कस लागतो तो रंग जुळवण्यात. बाहेरच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो आणि त्यावरून मिश्रण करून देणारी दुकानेही असतात. आतल्या करड्या किंवा बदामी रंगाचा असा डबा सहसा मिळत नाही. मूळ रंग पाहायचा तर ऊन न पोचलेली जागा शोधावी लागते: सीटखालची पट्टी, स्क्रूवरच्या टोपणाची आतली बाजू, कप्प्याच्या झाकणाची पाठ. सगळे भाग रंगवायचे असतील तर हा नमुना उपयोगी. एकच भाग रंगवायचा असेल तर कारखान्याचा रंग चुकीचा ठरतो, कारण शेजारचा भाग कधीच पिवळसर झालेला असतो. तेव्हा त्या वाढलेल्या वयाचा रंग बनवावा लागतो. करड्यात पिवळ्या मातकट रंगाचा थेंब, गरज पडली तर लाल-तपकिरी, आणि दर वेळी भंगार तुकड्यावर मारून, वाळवून पाहणे, कारण ओला आणि वाळलेला रंग एकसारखा दिसत नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, म्हणून निर्णय गॅरेजबाहेर घ्यायचा. चकाकीही जुळावी लागते. रंग अचूक असूनही चकाकी मारणारे मॅट द्रव्य कमी पडले तर भाग नवा दिसतो.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि ४ मेपासून ती लागू झाली. कारण गुन्हेगारीचे होते. परिणाम आतल्या प्लास्टिकवरही झाला: अनेक गाड्यांवरचा ऊन अडवणारा पडदा एका उन्हाळ्यात उतरला.

त्यानंतरचा दोष उन्हापेक्षा दमटपणाचा आहे. काही गाड्यांतल्या बटणांवर आणि पॅनेलवर स्पर्शाला मऊ लागणारा पॉलियुरेथेनचा लेप असतो. ओल्या हवेत त्याचे विघटन होत जाते आणि तो गुळासारखा चिकटतो. त्यावर रंग बसत नाही. तो अल्कोहोलने पूर्ण उतरवून उघडे प्लास्टिक रंगवावे लागते. बटणांवरची अक्षरेही त्यात बहुधा पुसली जातात.

१ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. गाडी ठेवणेच महाग पडल्यावर तिच्या दाराच्या रंगावर खर्च करणारा विरळा. नव्या गाड्यांतल्या अनेक क्लिपा एकदा उघडल्या की तुटतात आणि अख्खे पॅनेल बदलणेच पेंटरच्या मजुरीपेक्षा सोपे वाटते. मारुतीच्या व्हॅनचे, म्हणजे ऑम्नीचे, उत्पादन २०१९मध्ये थांबले. ज्या ऑम्नी अजून चालतात, त्यांच्या भागांसाठी मात्र पद्धत तीच आहे: धुणे, खरवडणे, प्रायमर, पातळ हात, आणि शेवटी पॅनेल हातात धरून उन्हात जाणे.