प्रिन्स ऑफ पर्शिया : कुठला भाग भारी, आणि भांडण नेमकं कशावरून?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांचा रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, किंवा ज्यांना कानात हेडफोन न घालता वाचायचंय, त्यांच्यासाठी.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया या मालिकेतला सगळ्यात भारी भाग कुठला? व्हॉइस नोट्स ऐकल्या तर वाटेल, सगळे वेगवेगळ्या गेमबद्दल बोलतायत. एक म्हणतो 'वॉरियर विदिन'सारखा गेम परत झाला नाही. दुसरा म्हणतो त्याच भागाने मालिकेची वाट लावली. तिसऱ्याने फक्त फोनवरचा 'द लॉस्ट क्राउन' खेळलाय, आणि त्याला कळतच नाही की ही दादा मंडळी इतकी चिडतायत कशाला.

कोण जिंकलं ते मी आज सांगणार नाही. हे भांडण होतंच का, तेवढं उलगडून बघू. आणि यात एक गोष्ट आपल्या घरची आहे. या मालिकेच्या इतिहासातलं एक मोठं पान पुण्यात आणि मुंबईत लिहिलं गेलंय. त्याबद्दल जे बोललं जातं, ते गेमिंगमध्ये करिअर करायचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींनी नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात : एक तास आणि एक सावली

पहिला गेम १९८९ चा. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो ॲपल टू कॉम्प्युटरसाठी बनवला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. म्हणून तो राजपुत्र पळता पळता थांबला की दोन पावलं घसरतो, कड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या अंगाचं वजन जाणवतं. त्या काळात असं काही फारसं कुणी बघितलंच नव्हतं.

खेळ सोपा वाटतो. तळघरातून सुटायचं, राजकन्येला वाचवायचं, साठ मिनिटांत. पण घड्याळ थांबत नाही. मेलात तर तो टप्पा पुन्हा, आणि गेलेला वेळ गेला तो गेलाच.

यात एक सावली येते, हुबेहूब तुमच्यासारखी. कॉम्प्युटरची मेमरी कमी होती, नवीन शत्रूची चित्रं मावत नव्हती. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वापरून दुसरं पात्र उभं केलं. त्या सावलीवर वार केला की जखम तुम्हालाच होते. जिंकायचं असेल तर तलवार म्यान करावी लागते. मर्यादेतून आलेली ही कल्पना आजही लोक विसरलेले नाहीत.

ज्यांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेल्यावर हा गेम खेळला, त्यांच्या डोक्यात 'प्रिन्स' म्हणजे हेच : काटे, घड्याळ, आणि चुकीला माफी नाही. आमच्या घरात मोठा दादा याच पार्टीचा. त्याच्या मते त्यानंतरचं सगळं म्हणजे नुसता दिखावा.

२००३ : वेळ मागे फिरली

मग नोव्हेंबर २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. लेखनात स्वतः मेकनर होता. यात राजपुत्र भिंतीवरून पळतो, आणि हातातल्या खंजिरामुळे काही क्षण मागे जाता येतं. उडी चुकली? बटण दाबा, वेळ उलटी फिरवा, पुन्हा उडी मारा.

आणि बरं का, या गेमची सुरुवात भारतात होते. राजपुत्र आपल्या वडिलांच्या फौजेबरोबर एका महाराजाच्या महालावर हल्ला करतो आणि तिथून तो खंजीर पळवतो. पुढे त्याच्यासोबत येते ती फराह, त्याच महाराजाची मुलगी. म्हणजे नायक आपल्याकडे लूट करून निघालेला आणि त्याची सोबतीण लुटल्या गेलेल्या घरातली. गोष्टीतली सगळी ओढाताण तिथूनच येते.

पण विचार करा. १९८९ चा गेम म्हणत होता, गेलेली वेळ परत येत नाही. २००३ चा गेम म्हणतो, येते. एकाच नावाच्या दोन गेमांचा वेळेबद्दलचा नियमच उलटा. भांडणाचं बी इथे पेरलं गेलं.

२००४ : 'वॉरियर विदिन', म्हणजे खरी फाळणी

'सँड्स'चं कौतुक खूप झालं, पण लढाई कंटाळवाणी आहे अशी टीकाही झाली. वर्षभरात आलेल्या 'वॉरियर विदिन'मध्ये लढाईच लढाई. दोन हातांत दोन हत्यारं, रक्त, रागीट नायक, हेवी मेटल संगीत. राजपुत्राचा आवाजही बदलला. मेकनरने पुढच्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं की या भागाची कलादृष्टी आणि हिंसा आपल्याला पटलेली नाही.

मग आवडणारे मूर्ख का? अजिबात नाही. त्यांचं म्हणणं समजून घ्या. या भागात दहाका नावाचा काळाचा रखवालदार तुमच्या मागे लागतो. बहुतेक वेळ त्याच्याशी लढता येत नाही, फक्त पळायचं. वेळेशी छेडछाड केलीत ना, मग आता भोगा. म्हणजे २००३ मध्ये फुकट मिळालेल्या सवलतीचं बिल इथे येतं. वरून शेवटही दोन. लपलेल्या सगळ्या जागा शोधून आपली जीवनशक्ती पूर्ण वाढवलीत, तर एक खास तलवार मिळते आणि शेवट बदलतो. पुढचा भाग, २००५ चा 'द टू थ्रोन्स', याच अवघड शेवटापासून सुरू होतो.

म्हणजे एक गट गेमचा 'स्वभाव' बघतो आणि नाराज होतो. दुसरा गट 'रचना' बघतो आणि खूश होतो. दोघंही खरं बोलतायत, फक्त मोजायची पट्टी वेगळी आहे.

२००८ : मरताच येत नाही म्हणजे काय?

२००८ मध्ये नवीन गोष्ट, नवा नायक, रंगवलेल्या चित्रासारखं जग. सोबत एलिका नावाची राजकन्या. तुम्ही दरीत पडलात की ती हात देऊन वर काढते, प्रत्येक वेळी. लोक भडकले. मरण नाही तर खेळ कसला?

इथे थोडा हिशोब करू. जुन्या गेममध्ये मेलात तर काय होतं? 'गेम ओव्हर' येतं, लोडिंग होतं आणि तुम्ही मागच्या जागी परत उभे राहता. एलिका वर काढते तेव्हा काय होतं? तुम्ही मागच्या जागी परत उभे राहता. काम तेच, फक्त मधलं काळं स्क्रीन गेलं. तरी चिडचिड खरी आहे, कारण भीती गेली. खेळणाऱ्याला शिक्षा नको असते, पण शिक्षेची शक्यता हवी असते. हा फरक समजला की त्या वादातलं अर्धं भांडण मिटतं.

या भागाचा शेवटही लोकांना टोचला. तुम्ही तासन् तास जे केलंत, ते नायक शेवटी स्वतःच्या हाताने उलटं करतो, एका माणसासाठी. मला तो शेवट आवडतो. पण ज्याला गेम संपल्यावर जिंकल्यासारखं वाटायला हवं, त्याला तो फसवणूक वाटला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पुण्याचं पान

आता आपल्या घरची गोष्ट. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की 'द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक हे दोन स्टुडिओ करणार. जी गोष्ट भारतातल्या महालात सुरू होते, ती पुन्हा भारतात घडणार, म्हणून आपल्याकडे अनेकांची छाती फुगली.

ट्रेलर आला आणि दुसऱ्याच दिवसापासून थट्टा सुरू झाली. चेहरे निर्जीव, प्रकाश सपाट, गेम जुन्या कन्सोलवरचा वाटतो, अशी टीका. वेगळी चित्रशैली मुद्दाम ठेवलीय असं टीमकडून सांगितलं गेलं, पण लोकांना पटलं नाही. गेम जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तो आधी मार्चवर गेला, मग बेमुदत लांबला. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला.

यावर आपल्याच लोकांकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं : "भारतात दिला ना, मग असंच होणार." हे वाक्य मला खटकतं. देशाभिमान बाजूला ठेवा, ते तर्काला धरून नाही. दोन गोष्टी वेगळ्या करा.

एक, ट्रेलर कच्चा दिसत होता ही टीका रास्त होती. ग्राहक पैसे देतो, त्याला बोलायचा हक्क आहे. आपल्या माणसांनी केलंय म्हणून डोळे झाकायचे नाहीत.

दोन, 'कच्चं दिसतंय' यावरून 'इथल्या लोकांना जमत नाही' हे सिद्ध होत नाही. तो गेम सुरुवातीला चाळीस डॉलरला विकायचा होता, म्हणजे मोठ्या गेमच्या तेव्हाच्या साठ डॉलरपेक्षा स्वस्त. कंपनीनेही तो सगळ्यात मोठ्या गेमच्या तोडीचा म्हणून विकायला काढला नव्हता. आणि माँट्रियल हे मूळ गेमचं घर. तिथे साडेतीन वर्षांहून जास्त काळ जाऊनही तो बाहेर आला नाही. मग अपयशाचं कारण फक्त 'पुणे' कसं असेल? बजेट, वेळ, कंपनीचे निर्णय, चाहत्यांच्या अपेक्षा, हे सगळं त्यात आलं.

नवापूर, नंदुरबार, साक्रीकडची जी मुलं ॲनिमेशन किंवा प्रोग्रॅमिंग शिकायला पुण्याला जायचं म्हणतायत, त्यांना मी एवढंच सांगेन : त्या ट्रेलरवरची टीका जरूर बघा. चेहरा, प्रकाश, हालचाल, कुठे काय कमी पडलं ते वहीत लिहून ठेवा, तो फुकटचा अभ्यास आहे. पण कमेंटमधल्या टोमण्याला आपलं प्रगतिपुस्तक समजू नका.

लॉस्ट क्राउन : ट्रेलरला शिव्या, गेमला टाळ्या

जून २०२३ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' जाहीर झाला. पुन्हा ओरड. रॅप संगीत कशाला? हा बाजूने दिसणारा टू-डी गेम का? आणि नायक सारगॉन, म्हणजे राजपुत्र सुद्धा नाही! राजपुत्र घसान पळवला जातो आणि सारगॉन त्याला शोधायला काफ पर्वतावर जातो.

जानेवारी २०२४ मध्ये गेम आला आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतला. गंमत बघा, बाजूने दिसणं, काटे, अचूक उडी, हे सगळं १९८९ च्या जवळचं. शिवाय फारसी भाषेतले संवाद निवडता येतात. ज्या भागाला 'हा प्रिन्सच नाही' म्हटलं गेलं, तोच मुळाच्या आणि पर्शियाच्या इतका जवळ निघाला. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की तो बनवणारी टीम मोडून माणसं दुसऱ्या कामांवर पाठवली. चांगला गेम आणि चांगला धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये हा गेम अँड्रॉइड आणि आयफोनवर आला. सुरुवात फुकट खेळता येते, पुढचं आवडलं तर एकदाच पैसे. म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांचा हा पहिलाच प्रिन्स.

मग भांडायचं कसं?

भांडा, पण आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला : तू सुरुवात कुठल्या भागापासून केलीस? बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. पहिल्यांदा खेळलेला भाग आपली मोजपट्टी होतो. जुनं नाटक नव्या संचात आलं की आजोबा म्हणतात, "तेव्हाची मजा नाही." ते नाटकाबद्दल बोलत असतात, पण थोडं आपल्या तरुणपणाबद्दलही.

दुसरा : तुझ्यासाठी 'प्रिन्स' म्हणजे काय? उडी, लढाई, वेळेचा खेळ की गोष्ट? चौघांची चार उत्तरं असतील तर 'भारी कुठला' याचं उत्तर एक येणारच नाही.

तिसरा : तू खेळलास, की फक्त ट्रेलर आणि रील पाहिलंस? पाहिलेल्याने दिसण्याबद्दल बोलावं, खेळलेल्याने खेळण्याबद्दल.

माझं मत विचाराल तर 'सँड्स ऑफ टाइम' पहिला आणि 'लॉस्ट क्राउन' त्याच्या अगदी मागे. मला गोष्ट आणि उडी हवी, लढाई कमी चालते. दादाला हे मान्य नाही, आणि त्याच्या पट्टीने तो बरोबर आहे.

तुमचा क्रम व्हॉइस नोटवर पाठवा. पण नुसतं 'भारी' किंवा 'बकवास' नको, कशामुळे ते सांगा. एका मिनिटात बसवा. साठ मिनिटं फक्त त्या राजपुत्राला मिळाली होती! भेटू पुढच्या भागात.