पटलेलं आणि पाळलेलं

बेळगावात रेल्वेचे रूळ ओलांडले की शहापूर लागते. आज दोन्ही मिळून एकच शहर झाले आहे, पण स्वातंत्र्य मिळेपर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. शहापूरची ओळख हातमाग आणि पेठ, बेळगावची ओळख छावणी. या बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले आणि मिशनचे काम उभे राहिले. तिथल्या दोन पाद्र्यांची नावे बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात आजवर टिकून आहेत.

याच मिशनच्या शाळेत बाबा पदमनजी शिकले. जन्म १८३१चा, बेळगावातलाच, घराणे कासाराचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या ‘यमुनापर्यटन’चे नाव घेतले जाते तिचे हे लेखक. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख एवढीच असते. ते ख्रिस्ती होते हे सहसा ओझरते सांगितले जाते, आणि ख्रिस्ती होण्यासाठी त्यांना काय काय सोसावे लागले हे तर सांगितलेही जात नाही.

ख्रिस्ती शिकवणुकीत देवावर विश्वास आणि देवाची आज्ञा पाळणे या वेगळ्या काढता येणाऱ्या गोष्टी नाहीत. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी येशू दोन घरांची गोष्ट सांगतो: एक खडकावर बांधलेले, एक वाळूवर. दोन्ही घरमालकांनी त्याचे म्हणणे ऐकलेले असते, पण त्याप्रमाणे वागलेला असतो एकच. पावसात टिकते ते त्याचे घर. बायबलमधल्या मार्था-मरियेपासून पेत्रापर्यंत सगळ्यांच्या बाबतीत प्रश्न हाच येतो: तुला पटले, बरे झाले, आता तू काय करणार?

बाबा पदमनजींपुढे हा प्रश्न काही वर्षे उभा होता. मुंबईत शिकताना त्यांचा परमहंस मंडळीशी संबंध आला. दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये निघालेल्या या मंडळीला जातिभेद मान्य नव्हता. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. त्या काळात जात जायला तेवढे पुरत होते. पण हे सारे बंद दाराआड चाले. दाराबाहेर पडले की प्रत्येकजण आपापल्या जातीत, आपापल्या पंगतीत परत. या माणसांना भेकड म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते: न्हावी येत नाही, लग्ने जुळत नाहीत, मयताला खांदा द्यायला कोणी फिरकत नाही. समाज हळूहळू तयार होईल, मग उघड बोलू, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकला. १८६०च्या सुमारास मंडळीचे कागदपत्र बाहेर फुटले, नावे कळतील या धास्तीने सभासद पांगले आणि मंडळी संपली.

बाबा त्याआधीच वेगळ्या वाटेने गेले होते. मनातून ख्रिस्ती राहून वरून जातीत राहणे त्यांनाही जमले असते. आईवडिलांसाठी तसेच करावे असे सांगणारे कमी नव्हते. पण येशूने बाप्तिस्मा घ्यायला सांगितले आहे आणि तो लपवून घेण्याची गोष्ट नव्हे, इथे त्यांची गाडी येऊन थांबली. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मुंबईच्या गर्दीत नव्हे. जिथे प्रत्येकजण त्यांच्या वडिलांना ओळखत होता त्या बेळगावात घेतला. पत्नी त्यांच्याकडे नांदायला आली नाही. या निर्णयाचे दुःख एकट्या बाबांचे नव्हते. आईवडिलांचा आणि त्या पत्नीचाही त्यात वाटा होता, आणि हे लक्षात ठेवल्याशिवाय त्यांची गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ निघाले. विषय हिंदू विधवांची स्थिती. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. लग्ने मात्र होत नव्हती. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि घराघरांतून केशवपन झालेल्या, कोंडलेल्या बायकांच्या कहाण्या ऐकते. पुढे वैधव्य तिच्याही वाट्याला येते. बाप्तिस्म्याने बाबांचे आज्ञापालन संपले नव्हते. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा त्यांनी विधवांपर्यंत नेली आणि लेखणीने पाळली. पुढे ते पाद्री झाले, आणि १९०६ मध्ये वारले तोवर लिहीतच राहिले.

आज्ञा देवाची पाळायची, माणसांची नव्हे, हे पंडिता रमाबाईंनी वेगळ्याच टोकाने दाखवले. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती की चर्चने सांगितलेले सगळे रमाबाईंनी निमूट मान्य करावे. रमाबाईंनी साफ नकार दिला. भटजींच्या सत्तेतून सुटून पाद्र्यांच्या सत्तेत जाण्यासाठी त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. हीच बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेली आणि तीनशेच्या आसपास अनाथ मुली-बायकांना घेऊन आली. तरुणपणी एका दुष्काळातच आईवडील गेलेले, त्यामुळे उपाशी पोट म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. चर्चच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालणारी रमाबाई आणि दुष्काळात धावून जाणारी रमाबाई वेगळ्या नाहीत. देवाचे ऐकायचे म्हणूनच तिने माणसांचे मुकाट ऐकले नाही.

बेळगाव-निपाणी भागातल्या लोकांना या आज्ञापालनाचे सगळ्यात ओळखीचे रूप मात्र मिरजेत दिसले. पेशंट हाताबाहेर जायला लागला की ‘मिरजेला हलवा’ असे इथल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले. याचे मूळ मिशन हॉस्पिटलात. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले, त्यांनी सुरुवात सांगलीत केली आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभे केले. एकट्या गोऱ्या डॉक्टरवर काम अडून राहू नये म्हणून १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळाही काढली आणि इथल्या मुलांना शिकवले. आजाऱ्याची शुश्रूषा करा ही आज्ञा त्यांनी जवळजवळ चार दशके पाळली, आणि त्यांच्या दारात आलेल्या हजारोंपैकी बहुतेकांनी कधी चर्चमध्ये पाऊलही टाकले नव्हते.