टपालाचा वार चुकला नाही

हिवाळ्यात कधी सुरंगीस मुक्काम पडला, तर पहाटे उठून अंगणात यावे. दमणगंगेच्या बाजूस धुके साचलेले असते, वारा पडलेला असतो आणि वर आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ असते. सुरंगीस धावपट्टी नाही, सिल्वासासही नाही. जवळची धावपट्टी दमणची. आजची विमाने इतक्या उंचावरून जातात की, त्यांची रेघ दिसते आणि आवाज मागाहून येतो. पण याच पट्ट्यावरून एक लहानसे विमान दर आठवड्यास जात-येत असे, ही हकीकत आता थोड्यांनाच ठाऊक असेल.

अहमदाबाद आणि जुहू या दोन ठिकाणांमध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती दमणजवळून जाते. सुरंगी तेथून थोड्याच कोसांवर पूर्वेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरले आणि दुपारी जुहूला पोहोचले. टाटा घराणे मूळचे नवसारीचे, म्हणजे आपल्या जुन्या बडोदे संस्थानातले. त्या दृष्टीने हा गृहस्थ आपल्या वाडवडिलांच्या मुलुखावरूनच गेला म्हणायचा! जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासची वाट नेव्हिल व्हिन्सेंट यांनी धरली.

विमान होते 'पस मॉथ'. एका इंजिनाचे, बंदिस्त खोलीचे, दोघा-तिघांपुरते. खरे पाहता ते बनवले होते हौशी मालकांसाठी. रविवारी मित्रास सोबत घेऊन फेरफटका मारावा, इतपत त्याची ऐपत. अशा विमानावर टपालाची जबाबदारी टाकणे म्हणजे टांग्याच्या घोड्यास रोजच्या मेलगाडीस जुंपण्यासारखेच. बिनतारी यंत्र नाही, जमिनीवरून वाट सांगणारे कोणी नाही. खाली रेल्वेचे रूळ, नद्यांची मुखे आणि किनारा हीच वाटाड्याची कामगिरी करणार. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून येत, ही त्यातली मौज.

विलायतेत हिवाळा म्हणजे हौशी वैमानिकाच्या कसोटीचा काळ. बर्फ, ढग आणि लवकर मावळणारा दिवस यांमुळे पुष्कळांची विमाने महिनोन्‌महिने छपराखालीच राहतात. आपल्याकडे गोष्ट उलटी. थंड हवा दाट असते, म्हणून पंखांना उचल अधिक मिळते आणि इंजिनाचा जोर वाढतो. सकाळी वारा शांत असतो, उन्हाळ्यातले हेलकावे नसतात. भय एवढेच की, खोऱ्यांतले धुके जमीन झाकून टाकते आणि ज्या रुळांवर भिस्त ठेवायची, तेच दिसेनासे होतात. तेथे घाई करणाऱ्याची धडगत नाही. ऊन वर येईपर्यंत थांबणे हेच शहाणपण.

आपली खरी परीक्षा पावसाळ्यात. जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा विमाने, वैमानिक आणि कारागीर असा सगळा संसार पुण्यास हलवावा लागे. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत एक मैदान वापरावयास मिळाले होते. ज्या तुरुंगात १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार झाला, तोच हा तुरुंग. तेथून ढगांनी भरलेला घाट ओलांडायचा, तोही एका इंजिनाच्या भरवशावर!

तरीही पहिल्या वर्षी या विमानांनी १,६०,००० मैल कापले आणि टपालाबरोबर १५५ उतारूही नेले. सरकारच्या विमान खात्याने वेळेच्या काटेकोरपणाबद्दल या सेवेची जाहीर वाखाणणी केली.

हे कसे साधले? नियमाने. शास्त्रीबुवांची संध्या असो वा गवयाचा रियाज, खाडा पडला की हात बसतो. विमानाचेही तसेच. पडून राहिलेल्या इंजिनात दमट हवेने गंज धरतो, आणि वैमानिकाच्या मनातही एक प्रकारचा गंज धरतो: वाऱ्याचा अंदाज चुकू लागतो, उतरताना हात उशिरा हलतो. आठवड्याचा वार पाळणे हा नुसता व्यापारी वायदा नव्हता; जीव वाचवणारी सवय होती.

पुढे ही कंपनी वाढली, १९५३ मध्ये राष्ट्राची झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली. पण मला अधिक आठवते ती १९८२ ची गोष्ट. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. त्याच तारखेस, १५ ऑक्टोबरला, 'लेपर्ड मॉथ' या तसल्याच जुन्या विमानात बसून कराचीहून पुन्हा मुंबईस आले. पन्नास वर्षे उलटली होती, हात बसला नव्हता.

सुरंगीच्या अंगणातून आता ते विमान दिसणार नाही. मात्र धुके विरले आणि आभाळ मोकळे झाले की, एक नजर पश्चिमेकडे जरूर टाकावी.