ज्याचे निम्मे चारशे

नांदेडच्या दैनिकांत आतल्या पानावर ‘जाहीर प्रगटन’ या मथळ्याच्या छोट्या चौकटी येतात. अमुक घर आमचे पक्षकार विकत घेत आहेत, त्यावर कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे, असा ठरलेला मजकूर. अशाच एका चौकटीत जुन्या गावातल्या एका वाड्याची चतुःसीमा दिली होती. पश्चिमेला ज्यांचं घर लिहिलं होतं ते घर शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीआधी, २००८ पूर्वी रस्ते रुंद झाले तेव्हाच पडलं. आज तिथून रिक्षा जातात. पडलेलं घर कागदावर अजून शेजारी म्हणून उभं कसं, हे कळेना, म्हणून मी नोटीस देणाऱ्या वकिलांना फोन केला.

“सीमा जुन्या खरेदीखतावरून जशीच्या तशी उतरवतात,” ते म्हणाले. “त्याच्या मागचे कागद उर्दूत आहेत. बघायचे असतील तर इतवाऱ्यात सरांकडे या.”

सर म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या घरी खिडकीला लागून एक लाकडी मेज आहे. त्यावर भिंग, मऊ ब्रश आणि पारदर्शक पाकिटांत ठेवलेले कागद. जुन्या कागदाला डिंकाचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा मिळून एक कडसर वास असतो, तो त्या खोलीत कायमचा मुरलाय. पाला कपाटांत ते स्वतः घालतात, कसर लागू नये म्हणून.

निजामाच्या राज्यात १८८४ पासून दफ्तराची भाषा उर्दू झाली. हैदराबादच्या नोटेवर रकमेचे शब्द मराठीतही छापलेले असत, पण त्याच नोटा मोजून घेतलेल्या घराचा कागद उर्दूतच व्हायचा. तोही शिकस्ता वळणात. अक्षरं एकमेकांत ओढलेली, नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, बहुतेक गायब. रकमा आणि हिशेब कित्येकदा सियाक या हिशेबी लिपीच्या खुणांत. ज्याला छापील उर्दू येतं त्याला हे वाचता येईलच असं नाही. सरांना ते वडिलांनी शिकवलं. वडील अर्जनवीस होते, लोकांचे अर्ज लिहून देणारे.

वकिलांनी आणलेल्या बैनाम्याची, म्हणजे जुन्या खरेदीखताची, नक्कल त्यांनी भिंगाखाली धरली आणि मोठ्यानं वाचली: “मुबलिग आठ सौ रुपये सिक्का-ए-हाली, के निस्फ जिसके चार सौ रुपये होते हैं.” मग मराठीत, “आठशे रुपये हाली, ज्याचे निम्मे चारशे.” किमतीबरोबर तिचं निम्मं लिहायचीच जुनी रीत होती. आठशेवर कोणी शून्य वाढवून आठ हजार केले, तर निम्मे चारशे लगेच चोरी उघडी पाडणार. सर पुन्हा म्हणाले, “आठशे, ज्याचे निम्मे चारशे. किती साधी राखण आहे बघा.” हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा; सात हालीला सहा कलदार हा भाव धरला, तर आजच्या रुपयाच्या पूर्वजात हा वाडा सहाशे शहाऐंशीच्या घरात गेला.

तारीख होती बहमन १३५८ फसली, निजामाच्या दफ्तरातल्या सनाप्रमाणे. आजूर, दै, बहमन असे महिने. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. इसवी सन काढायला आजूर ते बहमनला ५९० मिळवायचे, पुढच्या इसवी सनात पडणाऱ्या महिन्यांना ५९१. म्हणजे हा कागद डिसेंबर १९४८ च्या आसपासचा. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. विकणारी एक विधवा. कारण लिहिलंय, ‘घरगुती गरजेपोटी’. खाली सही नाही, अंगठा. त्या अंगठ्यावर सरांनी भिंग बराच वेळ ठेवलं. त्या हिवाळ्यात मराठवाड्यात कितीजणांनी कुठल्या घाईनं घरं विकली, हे ज्यांना आठवतं त्यांना जास्त सांगावं लागत नाही. सरांनीही सांगितलं नाही.

वकिलांचं काम खरं तर इथवर यायचंच नव्हतं. बँक कर्ज देताना तीस वर्षांचा शोध मागते. त्यालाही कारण आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षं आहे आणि तीस वर्षं जुना कागद योग्य ठिकाणाहून आला तर पुराव्याच्या कायद्यात न्यायालय त्यावरची सही खरी धरू शकतं. दुय्यम निबंधकाकडे फी भरून सूची क्रमांक दोन चाळायची, नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक काढायचं, महापालिकेचा कराचा उतारा जोडायचा, झाला शोध अहवाल. सूची आणि पहिल्या क्रमांकाची वही कोणीही फी भरून पाहू शकतो, मालक असण्याची अट नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

तीस वर्षांत हा वाडा स्वच्छ होता. अडचण त्या चतुःसीमेनं काढली. बैनाम्यात ना घर नंबर, ना चौरस फूट. ‘हुदूद-ए-अरबा’ या सदरात पूर्वेला एकाचं घर, पश्चिमेला दुसऱ्याचं, उत्तरेला सामाईक भिंत, दक्षिणेला सरकारी रस्ता. घराची ओळख म्हणजे त्याचे शेजारी. म्हणून आपल्या घराचा इतिहास शोधायला शेजाऱ्याचा कागद वाचावा लागतो. सरांनी तेच केलं. पूर्वेकडच्या घराच्या मालकांनी आपला १९५१ चा कागद दिला. त्याच्या पश्चिम सीमेवर लिहिलं होतं: त्याच विधवेचं घर.

ती तर १९४८ मध्ये विकून मोकळी झाली होती.

“दोनच गोष्टी असतील,” सर म्हणाले. “लिहिणाऱ्यानं जुन्या कागदावरून सीमा उतरवली, जशी तुमच्या वकिलांनी आज उतरवली. नाहीतर घेणाऱ्यानं तिला तिथंच राहू दिलं, आणि आळीला ते घर तिचंच वाटत राहिलं.” आठशे, ज्याचे निम्मे चारशे, पैसे तिच्या हातात पूर्ण पोचले की अर्धे, हे निम्म्याची रीत सांगत नाही. ती फक्त आकडा राखते. त्या बाईचं नाव मी इथं देत नाही, तिच्या घरचे लोक याच गावात आहेत.

लातूरकडे हा शोध आणखी लांब जातो. लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ च्या भाषावार रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. उदगीरच्या एखाद्या वाड्याच्या जुन्या नोंदीचा माग काढताना मराठी माणसाला कर्नाटकातल्या कचेरीची पायरी चढावी लागू शकते. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका वकिलांनी सांगितलं, की किल्लारी भागातला माणूस जुना कागद घेऊन आला की ते आधी त्याच्याकडे बघतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं उठून नव्या जागी गेली. नव्या घराला प्लॉट नंबर आहे, मोजमाप आहे. कागदावरचे चार शेजारी मात्र जुन्या गावठाणात माळवदाखाली राहिले.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तो शोध जातीच्या दाखल्यांसाठी होता. घरांचे कागद वाचायला असं कोणी निघालेलं नाही. सरांकडे शिकायला येणारा एकच मुलगा आहे, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला.

तीस वर्षांच्या शोधाला माझा आक्षेप नाही. कर्जापुरता तो ठीक आहे. पण या प्रांतात तीस वर्षांच्या मागे उर्दू, मोडी, फसली आणि हाली असं एक अख्खं राज्य आहे, आणि त्यात कोणी विकलं, कोणाला विकावं लागलं, कोण विकूनही तिथंच राहिलं, हे लिहिलेलं आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं आणि भूमी अभिलेख खात्यानं मिळून शिकस्ता नि सियाक वाचणारी एक पिढी तयार करावी, सरांसारखी माणसं आहेत तोवरच. आणि ज्यांच्या कपाटात असा कागद आहे त्यांनी घर विकायची वेळ येईपर्यंत थांबू नये. तो आता वाचून घ्यावा, मूळ प्रतीला मराठी भाषांतर जोडून ठेवावं, आणि शेजाऱ्यालाही त्याचा कागद काढायला सांगावं, कारण आपल्या घराची अर्धी हकीकत त्याच्याकडे असते.